खडकीला पाणी देणारा मलिक अंबर

छत्रपती संभाजीनगर हे आपल्या धर्मप्रांताचे मुख्य शहर. वेरूळ-अजिंठ्याला निघालेले प्रवासी येथे उतरतात, बिबी का मकबरा व पाणचक्की पाहतात आणि पुढे जातात. हे शहर ज्यांनी वसविले त्या मलिक अंबर यांच्या जीवनाची ओळख मात्र फार थोड्यांना असते.

मलिक अंबर यांचा जन्म सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील इथिओपियात झाला. त्यांचे मूळ नाव चापू. बालपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले. अरबस्तान व बगदाद येथील मालकांच्या हातून जात ते दख्खनेत पोहोचले. अंबर हे नावही त्यांना एका मालकाने दिलेले. अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगेज खान यांनी त्यांना विकत घेतले. चंगेज खान हे स्वतः एकेकाळी गुलाम होते. त्यांच्या हाताखाली अंबर यांनी राज्यकारभार व युद्धविद्या आत्मसात केली. धन्याच्या मृत्यूनंतर ते स्वतंत्र झाले. पुढे विजापूरच्या सेवेत त्यांना ‘मलिक’ हा किताब मिळाला.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. निजामशाही संपली असे सर्वांना वाटत असता अंबर यांनी राजघराण्यातील मुर्तझा यांना परांडा येथे गादीवर बसविले. मराठा सरदारांना सोबत घेऊन त्यांनी गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्यांच्या बाजूने लढले. जमिनीचा कस व पीक पाहून सारा ठरविण्याची त्यांची पद्धत रयतेला दिलासा देणारी ठरली.

१६१० साली त्यांनी खडकी या खेड्याच्या जागी नवे शहर वसविले. विजयाचे स्मारक म्हणून १६१२ साली भडकल दरवाजा उभारला. नौखंडा महालही त्यांचाच. परंतु त्यांचे खरे मोठे काम जमिनीखाली आहे. खडकी नावाप्रमाणेच खडकाळ, पाऊस बेताचा. अंबर यांनी उत्तरेकडील डोंगरांत झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यात गोळा केले आणि केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. वाटेत ठिकठिकाणी हवा व दाब मोकळा होण्यासाठी मनोरे बांधले. तेथून खापरी नळांनी हौद भरले जात. ही ‘नहर-ए-अंबरी’ होय. याच धर्तीवर पुढे इतर नहरी झाल्या. त्यांपैकी एकीच्या पाण्यावर अठराव्या शतकात पाणचक्कीचे जाते फिरू लागले.

१६२१ साली मोगल फौजांनी खडकी जाळली. राजवाडे व घरे भस्मसात झाली. तरीही शहर पुन्हा उभे राहिले, कारण पाणी होते.

१६२६ साली, ऐंशीच्या आसपास वय असताना, मलिक अंबर यांचे निधन झाले. खुलताबाद येथे त्यांची कबर आहे. पुढे औरंगजेबही त्याच गावी विसावला.

त्यांचे पुत्र फतेह खान यांनी शहराला फतेहनगर म्हटले. १६५३ साली ते औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. १९५८ साली डोंगराच्या पायथ्याशी विद्यापीठ आले. भडकल दरवाजासमोर आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. संस्थापकाचे नाव मात्र शहराच्या कोणत्याही नावात कधी आले नाही. ते केवळ त्या नहरीला चिकटून राहिले.

ती नहर आज जागोजागी गाळाने बुजली आहे. अनेक ठिकाणी तिच्यावर इमारती उठल्या आहेत. शहर जायकवाडीच्या पाण्यावर जगते आणि नळाच्या पाण्याची वाट पाहते. ज्याच्याजवळ एकेकाळी स्वतःचे नावही उरले नव्हते, त्याने परक्या भूमीतील माणसांची तहान ओळखली. आता पाहुण्यांना शहर दाखवताना भडकल दरवाजापाशी क्षणभर थांबावे, पायाखालून वाहिलेल्या त्या पाण्याची गोष्ट मुलांना सांगावी आणि उरलेली नहर जपण्यासाठी आपणही आवाज उठवावा.