कमलाबाई आणि माझे दोन रिपोर्ट

परवा कपाट आवरताना रक्ताचा एक जुना रिपोर्ट हाती लागला. मी बेचाळीस वर्षांची असतानाचा. हिमोग्लोबिन ९.२, कोलेस्टेरॉल १७०. यंदा, पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर केलेला नवा रिपोर्ट शेजारी ठेवला. हिमोग्लोबिन १२.४, कोलेस्टेरॉल २३८! बाई तीच, लातूरही तेच, वरण-भाकरीसुद्धा तीच. मग रक्त एवढं कसं बदललं?

अशा वेळी मला कमला सोहोनी आठवतात. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. दुर्गाबाई आपल्याला ठाऊक असतात, कमलाबाई मात्र आपल्या रोजच्या ताटाचा अभ्यास करूनही अनोळखीच राहिल्या.

वडील आणि काका रसायनशास्त्रातले. त्यामुळे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी झाल्यावर बंगळूरच्या विज्ञान संस्थेत जायचं हे ठरलेलंच होतं. पण संचालक सर सी. व्ही. रामन यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, मुलगी आहे म्हणून! कमलाबाई रडत बसल्या नाहीत. थेट बंगळूर गाठलं आणि सत्याग्रह करायची तयारी दाखवली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. अपमान गिळून त्यांनी वर्षभर राबून दाखवलं. त्यानंतर त्या संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं.

तिथे त्यांनी काम केलं ते दूध आणि डाळी-कडधान्यांमधल्या प्रथिनांवर. आम्हा लातूरकरांना तुरीचा भाव तोंडपाठ, पण त्या डाळीत काय असतं हे एका मराठी मुलीनं नव्वद वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत तपासलं होतं, हे कुठं माहीत असतं? पुढे केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्या गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असतं हे त्यांनी दाखवलं. आपल्या हिमोग्लोबिनसारखंच हेही लोह धरून ठेवणारं प्रथिन. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली आणि त्या परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, १९४७ मध्ये लग्न, मग मुंबईची विज्ञान संस्था. तिथं त्यांनी नीरेचा अभ्यास केला. आमच्या देगलूर-बिलोलीकडे शिंदी म्हटलं की बायका नाक मुरडतात, पण पहाटेची न आंबलेली नीरा वेगळी. तिच्यातलं लोह आणि जीवनसत्त्वं गरोदर बायकांच्या, कुपोषित मुलांच्या उपयोगी पडतील का, हे त्यांनी पाहिलं. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला.

आता माझे रिपोर्ट. पाळी चालू असते तोवर दर महिन्याला रक्ताबरोबर लोह जातं. आहारातून ते भरून निघालं नाही की हिमोग्लोबिन बाराच्या खाली घसरतं. पाळी गेली की ही गळती थांबते, लोहाचा साठा वाढू लागतो. दुसरीकडे इस्ट्रोजेन कमी होतं. तेच यकृताला वाईट कोलेस्टेरॉल रक्तातून उचलायला मदत करत असतं, म्हणून तो आकडा चढतो. मी मात्र सवयीनं लोहाच्या गोळ्या घेतच होते, कुणाला न विचारता! डॉक्टरांनी त्या बंद केल्या आणि कोलेस्टेरॉलकडे बघायला सांगितलं. एक गोष्ट त्यांनी बजावली. पाळी गेल्यावरही हिमोग्लोबिन कमीच असेल, तर वयाचं म्हणून सोडायचं नाही, कारण शोधायचं. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा थोडं जरी अंगावरून गेलं, तरी लगेच दाखवायचं. आपण बायका नेमकं हेच लपवतो.

कमलाबाई निवृत्तीनंतरही गप्प बसल्या नाहीत. ग्राहक चळवळीत शिरून अन्नातल्या भेसळीमागे लागल्या. १९९८ मध्ये दिल्लीत वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार ठेवला, तिथंच त्या कोसळल्या आणि काही दिवसांतच गेल्या.

नांदेडची माझी जाऊ पंचेचाळीसची आहे. दर महिन्याला अंगावरून फार जातं, चक्कर येते, पण सांगत नव्हती. सोमवारी ती रक्त तपासायला जाणार आहे. रिपोर्ट जपून ठेव, असं मी तिला फोनवर सांगितलंय.