बुरशीत मित्र शोधणारे हॉवर्ड

बुरशी म्हटले की धाराशिव जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदाराला भुरी आणि करपा आठवतो. पण झाडाला अन्न पुरवणारी बुरशीही मातीत असते. हे शेतकऱ्यांपुढे आग्रहाने मांडणारे सर अल्बर्ट हॉवर्ड यांची सुरुवातही बुरशीला शत्रू मानूनच झाली होती.

इंग्लंडमधील शेतकरी कुटुंबात १८७३ मध्ये जन्मलेले हॉवर्ड प्रथम वेस्ट इंडिजमध्ये पिकांवरील बुरशीजन्य रोगांचे तज्ज्ञ होते. १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथे आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. तेथे हॉवर्ड यांनी फळझाडांची मुळे खणून तपासली. माती सकस व हवेशीर असेल तर झाड रोगाला सहज बळी पडत नाही, असे त्यांचे मत बनले.

१९२४ मध्ये ते इंदूरला गेले. होळकर संस्थानाने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर काडीकचरा, शेण आणि राख यांपासून कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ तयार झाली. सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

निवृत्तीनंतर त्यांनी चहासह अनेक पिकांची मुळे तपासून घेतली. कंपोस्ट मिळालेल्या मुळांत मायकोरायझा बुरशी भरपूर दिसली. झाड ही बुरशी पचवून प्रथिने मिळवते, असे त्यांना वाटे. हे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी बार्बरा मॉस यांनी सफरचंदाच्या रोपांवर प्रयोग करून दाखवले, की ही बुरशी असलेली रोपे जास्त वाढतात आणि अन्नद्रव्येही जास्त घेतात. बुरशीचे सूक्ष्म तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरचे स्फुरद आणतात. बदल्यात झाड तिला साखर देते.

चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद अडकून पडते. त्यामुळे धाराशिवच्या द्राक्ष, आंबा आणि सीताफळ बागांना ही मैत्री मोलाची आहे. मायकोरायझा लागवडीच्या वेळी थेट मुळांजवळ द्यावे. त्याच वेळी बुरशीनाशकाची आळवणी करू नये. स्फुरदाचा अतिरेक टाळावा, कारण ते भरपूर मिळाले की झाड बुरशीला जवळ करत नाही. आणि शेणखत, कंपोस्ट चालू ठेवावे. नुसती पुडी टाकून माती सुधारत नाही, हा हॉवर्ड यांच्या कामातला धडा आजही खरा आहे.