गोखल्यांना वाट कशी सापडली?

पदवी हाती आली, पण पुढे काय करावे हे उमगत नाही, ही अवस्था केवळ आजच्या विद्यार्थ्यांच्याच वाट्याला आली आहे असे नाही. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झालेला अठरा वर्षांचा एक तरुण नेमक्या याच अवस्थेत सापडला होता. गोपाळ कृष्ण गोखले हे त्याचे नाव. मुत्सद्दी, अर्थपंडित, महात्मा गांधींचे राजकीय गुरू म्हणून ते पुढे देशाला परिचित झाले. आणि म्हणूनच त्यांची दिशा जन्मापासून ठरलेली असावी असा समज सहज होतो. त्यांच्या चरित्रातील पहिली पंधरा-वीस वर्षे मात्र वेगळीच हकीकत सांगतात. आपली आवड आधी शोधून काढावी आणि मग कामाला लागावे, असा उपदेश आज तरुणांना सर्रास केला जातो. त्या उपदेशाची कसोटी पाहण्यास हे चरित्र उपयोगी पडेल.

आठ रुपयांचे ऋण

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात लहानशा नोकरीवर होते. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी धाडीत आणि उरलेल्या सातांत घर चालवीत. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि अखेर एल्फिन्स्टन असा गोपाळरावांचा प्रवास या आठ रुपयांच्या आधारावर झाला.

त्यामुळे पदवीनंतरचा प्रश्न केवळ आवडीचा नव्हता. धाकटा भाऊ मोठ्या पगाराच्या धंद्यात शिरेल आणि कुटुंबाला वर काढील, ही घरची अपेक्षा सर्वस्वी न्याय्य होती. अभियांत्रिकीचा विचार झाला आणि तो मागे पडला. विलायतेस जाऊन सनदी नोकरीची परीक्षा देण्याचे स्वप्न पैशाअभावी स्वप्नच राहिले. उरली वकिली. कायद्याचा अभ्यास सुरू झाला आणि तो चालू असता पोटापाण्याची सोय म्हणून १८८५ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा पस्तीस रुपयांवर शिक्षकाची जागा स्वीकारण्यात आली. शिक्षकी पेशात ते आले ते असे, वकिलीच्या वाटेवरचा एक मुक्काम म्हणून.

पण त्या शाळेत टिळक आणि आगरकर होते. स्वस्त आणि स्वावलंबी शिक्षणाचा प्रयोग तेथे चालला होता आणि त्याच प्रयोगातून १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज जन्मास आले होते. त्या सहवासाचा परिणाम लवकरच झाला. १८८६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. वीस वर्षे संस्थेची सेवा आणि दरमहा पंचाहत्तर रुपये वेतन, असा तो करार होता. ज्या बंधूंनी आपले शिक्षण त्यांच्यासाठी सोडले, त्यांची संमती घेतल्यावाचून हे पाऊल टाकणे शक्य नव्हते. गोविंदरावांनी ती दिली. थोरांच्या चरित्रांत अशा माणसांचा उल्लेख एका ओळीत आटोपतो. वास्तविक येथे त्याग एकाचा नसून दोघांचा होता.

पडेल तो विषय

आजीव सभासद झाल्याने गोखल्यांना जीवितकार्य गवसले असे म्हणावे, तर तसेही झाले नाही. प्रथम त्यांनी इंग्रजी वाङ्मय शिकविले. १८९० च्या अखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले तेव्हा गणिताची जबाबदारी गोखल्यांवर आली. पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय त्यांच्याकडे आले. संस्थेला गरज पडेल तो विषय घ्यायचा आणि त्यासाठी स्वतः विद्यार्थी व्हायचे, हा त्यांचा क्रम होता. अंकगणिताचे त्यांचे पाठ्यपुस्तक शाळाशाळांतून चालले आणि त्याच्या उत्पन्नाने घरचा भार पुष्कळसा हलका केला. संस्थेसाठी निधी गोळा करण्याच्या कामी त्यांना गावोगाव हिंडावे लागले. यांपैकी कोणत्याही कामाला त्यांची उपजत ओढ म्हणता येणार नाही. ती समोर आलेली कामे होती आणि ती चोख झाली, एवढेच.

खरे वळण आणले ते न्यायमूर्ती रानड्यांनी. १८८७ च्या सुमारास गोखले त्यांच्या सहवासात आले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन आणि पुढे सभेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. सरकारी अहवाल, जमाखर्चाची कोष्टके, जमीनमहसुलाचे आकडे यांचा अभ्यास करावयाचा, त्यावरून अर्ज आणि निवेदने तयार करावयाची आणि ती रानड्यांच्या कठोर नजरेखालून जाऊ द्यावयाची, ही शिस्त अनेक वर्षे चालली. हे काम रूक्ष होते. त्यात टाळ्या नव्हत्या, नाव नव्हते. परंतु आकड्यांच्या या रानातच गोखल्यांना तो विषय भेटला, ज्याने त्यांचे उर्वरित आयुष्य व्यापले. सरकारचा पैसा कोठून येतो, कोणाच्या खिशातून येतो आणि कोणासाठी खर्च होतो, हा तो विषय होय.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते इंग्लंडला गेले. त्या तयारीत त्यांना मोलाचे साहाय्य झाले ते सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी यांचे. जोशी हे शाळामास्तर होते आणि आर्थिक आकडेवारीचा त्यांचा व्यासंग असामान्य होता. साक्ष उत्तम झाली. त्याच मुक्कामात, पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी पत्रांतून कळलेल्या गोष्टी त्यांनी तेथे जाहीर केल्या. परत आल्यावर त्यांचा पुरावा मिळेना, तेव्हा गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. एकतिसाव्या वर्षीच सार्वजनिक जीवन संपले असे वाटावे, असा तो प्रसंग होता. ते प्लेगनिवारणाच्या कामाला लागले आणि पुन्हा आकड्यांकडे वळले.

सतरा वर्षांनंतर

१८९९ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि १९०१ च्या अखेरीस वरिष्ठ कायदेमंडळात. २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. खजिन्यात शिल्लक पडली म्हणून सरकार समाधानात होते. अडचणीच्या काळात लादलेले कर अडचण सरल्यावरही चालू राहिले आणि रुपयाचा विनिमयदर चढविला गेला, म्हणून ही शिल्लक दिसते. रयत दरिद्रीच आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. मिठावरील कर कमी करा, हा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला. मणाला अडीच रुपये असलेला हा कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. त्याचे सारे श्रेय एका माणसाला देणे योग्य नव्हे. परंतु गरिबाच्या जेवणातील मिठाचा हिशेब त्यांनी सभागृहासमोर सातत्याने ठेवला, हे निर्विवाद आहे. पदवी आणि हे पहिले भाषण यांत सतरा वर्षांहून अधिक अंतर आहे. अंकगणित, इंग्रजी वक्तृत्व, इतिहास, अर्थशास्त्र ही त्या सतरा वर्षांतील विखुरलेली कामे त्या दिवशी एकत्र आली.

स्वतःच्या या अनुभवाचा अर्थ गोखल्यांनी पुरता ओळखला असावा. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षे अभ्यास आणि उमेदवारी घालून दिली. १९१५ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले, तेव्हा वर्षभर देश हिंडून पाहावा आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नये, असा सल्ला त्यांनी दिला. उत्साह त्यांना वर्ज्य नव्हता, पण माहितीवाचूनच्या उत्साहावर त्यांचा विश्वास नव्हता. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीस, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, ते निवर्तले.

गोखल्यांची बुद्धी प्रत्येकास लाभत नाही, आणि रानड्यांसारखा मार्गदर्शकही लाभत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबरच आहे. किंबहुना मुद्दा तोच आहे. कोणतेही काम जवळून न पाहिलेल्या विद्यार्थ्याला त्याची आवड विचारणे म्हणजे न चाखलेल्या पदार्थांतून निवड करावयास सांगणे होय. आवड ठाऊक नाही म्हणून त्याने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. त्याला हवी असते एखाद्या जाणत्याच्या हाताखालची उमेदवारी, चुकण्यास थोडी मुभा आणि घरच्यांचा थोडा धीर. ही तीन साधने पुरविणे शिक्षकांच्या, संस्थांच्या आणि पालकांच्या हाती आहे. तरुणाच्या हाती राहते ते समोर आलेले काम मनापासून करणे आणि त्यातील कोणता प्रश्न आपला पिच्छा सोडीत नाही, यावर लक्ष ठेवणे. पस्तीस रुपयांच्या तात्पुरत्या नोकरीत शिरलेल्या एका तरुणाला त्याची वाट याच मार्गाने सापडली.