जादूची गोळी

पॉल एर्लिख यांचा जन्म १८५४ साली सायलीशिया प्रांतातील श्ट्रेलेन या गावी झाला. तेव्हा तो भाग प्रशियाच्या राज्यात होता. आज तो पोलंडमध्ये आहे. वैद्यकाचा अभ्यास करीत असताना पॉलला रंगांचे वेड लागले. प्राण्यांच्या अवयवांच्या पातळ चकत्या नाना रंगांत बुडवून तो तासन् तास सूक्ष्मदर्शकातून पाहत बसे.

एखादा रंग एकाच जातीच्या पेशीला चिकटतो आणि शेजारच्या पेशीला शिवतही नाही, हे त्याच्या ध्यानात आले. यावरूनच पुढे एर्लिख यांना एक विलक्षण कल्पना सुचली. रोगजंतूलाच नेमके गाठील आणि रोग्याच्या शरीराला धक्का लावणार नाही, असे एखादे विष का सापडू नये? अशा औषधाला त्यांनी जादूची गोळी म्हटले.

कल्पना सोपी होती, काम मात्र महाकठीण! निद्रारोगावर दिले जाणारे ॲटॉक्सिल हे सोमलयुक्त औषध जंतूंना मारी, पण कित्येक रोगी त्याने आंधळे होत. म्हणून फ्रँकफुर्ट येथे एर्लिख व त्यांचे सहकारी त्याच्या घडणीत थोडाथोडा फरक करून शेकडो द्रव्ये तपासू लागले. ६०६ क्रमांकाचे द्रव्य एका साहाय्यकाने निरुपयोगी ठरविले होते. १९०९ साली जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी ते पुन्हा सशांवर पारखले. उपदंश या भयंकर रोगाचे जंतू त्याने नष्ट झाले! पुढल्याच वर्षी ते साल्व्हरसान या नावाने बाजारात आले. ते हवेत चटकन बिघडे व टोचण्यास अवघड होते. त्याने काही रोग्यांना अपायही झाला. एर्लिख यांच्यावर टीकेची झोड उठली.

उंदरांच्या गाठींवरही त्यांनी पुष्कळ प्रयोग केले; पण कर्करोगावर गोळी सापडली नाही. जंतू परका असतो, कर्कपेशी मात्र आपल्याच शरीरातील बिघडलेली पेशी. तिला वेगळे ओळखावे कसे? १९१५ साली एर्लिख निवर्तले.

१९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका औषधात डॉक्सोरुबिसिन हे कर्कनाशक द्रव्य स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कुपीत भरलेले असते. कुपीची रुंदी सुमारे १०० नॅनोमीटर. दहा लाख नॅनोमीटर म्हणजे एक मिलिमीटर! गाठीतील सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून ती गाठीत झिरपू शकते. निरोगी वाहिन्यांच्या भिंती तिला बहुधा अडवितात. त्यामुळे हृदयाला होणारा अपाय कमी होतो. कर्कपेशीवरील खूण ओळखणारे रेणू अशा कणांवर बसविण्याचे प्रयत्नही चालू आहेत; उंदरांत साधलेले पुष्कळसे अद्याप माणसांत साधलेले नाही.