किन्हईचे पंत आणि यमाईचा आधार

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात किन्हई नावाचे गाव आहे. गावाजवळच्या साखरगडावर यमाईचे देऊळ असून पायऱ्या चढून भाविक दर्शनाला जातात. या गावच्या कुलकर्ण्यांच्या घरात सतराव्या शतकात एक मुलगा जन्मला. घराण्याची कुलदेवता औंधची यमाई. ती रेणुकेचेच रूप मानली जाते, आणि रेणुकेचा पुत्र परशुराम. या मुलाचे नावही परशुराम. हेच परशुराम त्रिंबक, म्हणजे पुढचे पंतप्रतिनिधी.

गावचे दप्तर सांभाळणाऱ्या घरातला हा मुलगा रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली तयार झाला. लेखणी धरणाऱ्या हाताने तलवारही उचलली. १६८९ साली संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड गेला, राजाराम महाराज दूर जिंजीला पोचले. त्या वर्षांत मुलखात पाय रोवून मोगलांशी झुंजणाऱ्यांत पंत होते. पन्हाळा परत मिळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

खरी कसोटी पुढेच होती. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः प्रचंड फौज घेऊन साताऱ्याच्या पायथ्याशी येऊन बसला. अजिंक्यतारा प्रयागजी प्रभू लढवत होते. पंत जवळच्या परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे सज्जनगडावर होते आणि तिथून साताऱ्याला दाणागोटा पोचवण्याची खटपट करीत होते. अशातच १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. राजा नाही, दारात बादशहा! एप्रिलमध्ये मोगलांच्या सुरुंगाने तट उडाला. प्रयागजी भवानीच्या देवळाजवळ ढिगाऱ्याखाली गाडले गेले, पण जिवंत निघाले. शिबंदीने तो देवीचा कौलच मानला. तरीही आठवडाभरात सातारा गेला, आणि जूनमध्ये परळीही सोडावी लागली.

देवीवर भार टाकलेल्या माणसाचा किल्ला जातो, तेव्हा श्रद्धेचे काय होते? पंतांच्या वागण्यात याचे उत्तर आहे. ते खचून घरी बसले नाहीत. ताराराणींच्या कारभारात ते पुन्हा उभे राहिले. १७०२ साली विशाळगडावर त्यांनी बादशाही फौजेला महिनोन्‌महिने झुंजवले आणि अखेर पैसा घेऊन, माणसे वाचवून गड खाली केला. भर पावसात परतणाऱ्या मोगली फौजेचे अतोनात हाल झाले. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरजवळ वारला, त्याआधीच सातारा पुन्हा मराठ्यांकडे आला होता.

त्याच वर्षी शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. पंतांनी ताराराणींशी इमान राखण्याची शपथ दूधभातावर हात ठेवून घेतली होती, असे सांगतात. एकेक सरदार शाहूंना मिळत गेला, तरी पंतांनी सातारा द्यायचे नाकारले. अखेर किल्लेदार शेख मिरा याने त्यांना कैद करून दरवाजे उघडले. देवासमोर दिलेला शब्द पाळल्याबद्दल पंतांच्या वाट्याला तुरुंग आला. पुढे शाहू महाराजांनी मात्र त्यांची योग्यता ओळखून त्यांना सोडले आणि प्रतिनिधिपद पुन्हा त्यांच्याकडे दिले. १७१८ साली पंत वारले. घराण्याला मिळाले ते सारे यमाईच्या कृपेने, हीच भावना औंधच्या त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली.

देवावर विश्वास ठेवला की संकट टळते, असे आपण मुलांना सहज सांगतो. पंतांचे आयुष्य तसे सांगत नाही. त्यांचे किल्ले गेले, धनी गेला, स्वातंत्र्यही गेले. पण हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागण्याचे बळ कधी गेले नाही. घरातली नोकरी जाते, पीक बुडते, आजारपण येते, तेव्हा देवघरातल्या समईपुढे हात जोडून आपण मागावे ते हेच बळ.