खडकीचा निर्माता मलिक अंबर

विद्यार्थी मित्रांनो, वेरूळ-दौलताबादची सहल ठरली म्हणजे बीबी का मकबरा हे नाव सर्वांच्या तोंडी असते. डहाणू-तलासरीहून जव्हार, नाशिक करीत तिकडे जाणारा प्रत्येकजण त्या शुभ्र घुमटापुढे उभा राहून फोटो काढून घेतो. परंतु ज्या शहरात हा मकबरा आहे, ते मुळात वसविले कोणी, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. बादशहा औरंगजेबाने त्याला आपले नाव दिले हे खरे. पण त्याचा पाया घातला तो एका हबशी गुलामाने. त्याचे नाव मलिक अंबर. सहलीला निघण्यापूर्वी त्याची जीवनकथा सर्वांनी जाणून घेतली पाहिजे.

इथिओपियात सन १५४८ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. मूळ नाव चापू. बालपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. गरिबीपायी आईबापांनीच त्याला विकले, असेही सांगतात. या बाजारातून त्या बाजारात विकला जात तो बगदादला पोचला. तेथे मीर कासिम नावाच्या गृहस्थाने त्याला विकत घेतले. मुलाची हुशारी पाहून मीर कासिमने त्याला शिक्षण दिले, हिशेब आणि कारभार शिकविला व अंबर हे नाव ठेवले. विकत घेतलेल्या पोराकडून नुसते पाणी भरून घेतले असते तरी त्याला कोणी जाब विचारला नसता. परंतु त्याने त्याला शिकविले, आणि येथूनच या मुलाचे नशीब पालटले.

पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने अंबरला खरेदी केले. चंगीजखान स्वतः हबशी असून गुलामगिरीतूनच वर आलेला होता. त्याच्याजवळ अंबरला राज्यकारभाराचे धडे मिळाले. चंगीजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. मग कित्येक वर्षे त्याने शिपाईगिरी केली. विजापूरच्या चाकरीत त्याला मलिक हा किताब मिळाला. १५९५ च्या सुमारास अवघे दीडशे स्वार घेऊन तो निजामशाहीत परतला.

१६०० मध्ये चांदबीबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांनी जिंकला. निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले. परंतु अंबरने राजघराण्यातील मुर्तजाला परांड्यास गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले. मराठे सरदार व स्वार हाताशी धरून त्याने गनिमी काव्याने मोगलांना हैराण केले. अकबर आणि जहांगीर या दोन्ही बादशहांना तो अखेरपर्यंत पुरता नमला नाही. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याने मोगल व विजापूर यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. राजकारणात मात्र तो निष्ठुरही होता. १६१० मध्ये मुर्तजाचा विषाने अंत झाला, त्यामागे अंबरच होता असे इतिहासकार मानतात.

त्याच १६१० साली खडकी या खेड्याच्या जागी त्याने नवी राजधानी वसविली. तेथे खरी अडचण पाण्याची होती. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखाली गोळा करून, केवळ उताराच्या बळावर, बंदिस्त नहरीतून त्याने ते शहरात आणले व हौदांत खेळविले. हीच प्रसिद्ध नहर-ए-अंबरी. पुढे कित्येक पिढ्या हे शहर तिचे पाणी प्याले. उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन दूरवर जाणाऱ्या आयाबहिणी आपल्या तालुक्यांनीही पाहिल्या आहेत. त्यामुळे या कामाची किंमत आपल्याला वेगळी सांगावयास नको. जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरविण्याची पद्धतही त्याने घालून दिली. तिचे नाव पुढे दीर्घकाळ घेतले जात होते.

१६२६ मध्ये मलिक अंबर मरण पावला. खुलताबादेस त्याची कबर आहे. त्याच्यामागे दहा वर्षांत निजामशाही लयास गेली. खडकीचे फतेहनगर झाले, १६५३ नंतर औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली, तरी १६१२ चा त्याचा भडकल दरवाजा आजही उभा आहे. मित्रांनो, मकबरा अवश्य पाहा. पण भडकल दरवाजापाशीही थोडे थांबा आणि नहरीचे अवशेष कोठे दिसतात, ते आपल्या गुरुजींना विचारा.

पालकांनाही एक विनंती आहे. घरची ओढाताण असली की मुलाला शाळेतून काढून होडीवर, वाडीत किंवा गॅरेजात धाडण्याचा विचार मनात येतो. अशा वेळी मीर कासिमची आठवण ठेवावी. परक्याच्या, विकत घेतलेल्या पोराला त्याने शिकविले आणि त्यातून एक राज्य सावरणारा, एक शहर वसविणारा पुरुष घडला. आपली मुले तर आपली स्वतःची आहेत. त्यांना दहावीच्या पुढे नेणे एवढे तरी आपल्या हाती आहे.