कार्ल सेफर्ट : सक्रिय दीर्घिकांना नाव देऊन गेलेले खगोलशास्त्रज्ञ

महाकाय कृष्णविवरांविषयी वाचताना ‘सेफर्ट दीर्घिका’ हे नाव हमखास भेटते. ज्यांच्यावरून ते पडले, त्या कार्ल सेफर्ट यांना मात्र आपण नेमके काय पाहिले याचा उलगडा हयातीत झाला नाही.

सेफर्ट यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९११ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे झाला. १९३६ मध्ये त्यांनी हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवली. १९४० ते १९४२ या काळात ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत होते. काही सर्पिल दीर्घिकांचा गाभा ताऱ्यासारखा झगझगीत दिसतो. अशा गाभ्यांचे वर्णपट त्यांनी तपासले.

साधारण दीर्घिकेच्या वर्णपटात ताऱ्यांमुळे काळ्या रेषा दिसतात. इथे मात्र तप्त वायूच्या तेजस्वी रेषा होत्या आणि त्या विलक्षण रुंद होत्या. वायूचा काही भाग आपल्याकडे येत असेल आणि काही दूर जात असेल, तर रेषा अशी पसरते. रुंदीवरून वेग निघाला सेकंदाला हजारो किलोमीटर! १९४३ मध्ये सेफर्ट यांनी अशा सहा दीर्घिकांची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. एनजीसी १०६८ आणि एनजीसी ४१५१ या त्यांपैकीच.

या शोधनिबंधाकडे अनेक वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. युद्धकाळात सेफर्ट सैनिकांना दिशादर्शन शिकवत होते. १९४६ मध्ये ते नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले. तिथे जेमतेम सहा इंची दुर्बीण होती. त्यांनी शहरातील लोकांकडून मदत मिळवली आणि १९५३ मध्ये २४ इंची दुर्बिणीची डायर वेधशाळा उभी राहिली.

१९५९ मध्ये लोडवाइक व्होल्त्येर यांनी त्या रुंद रेषांचा पुन्हा विचार केला. इतका वेगवान वायू गाभ्यातच टिकून राहायचा, तर तिथे प्रचंड वस्तुमान हवे, हे त्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी, १३ जून १९६० रोजी, सेफर्ट यांचे मोटार अपघातात निधन झाले. ते ४९ वर्षांचे होते.

पुढचा धागा क्ष-किरणांनी जोडला. हे किरण वातावरणात शोषले जातात, त्यामुळे जमिनीवरून त्यांचा वेध घेता येत नाही. डिसेंबर १९७० मध्ये ‘उहुरू’ उपग्रह अवकाशात गेला आणि सेफर्ट यांच्या यादीतील एनजीसी ४१५१ मधून येणारे क्ष-किरण त्याने टिपले. पुढे दिसले की अशा दीर्घिकांचे क्ष-किरण काही तासांतही कमी-जास्त होतात. प्रकाशाला जे अंतर कापायला काही तास लागतात, त्याहून मोठा स्रोत इतक्या झटपट बदलू शकत नाही. म्हणजे एवढी ऊर्जा आपल्या सूर्यमालेएवढ्या जागेतून येते! त्या जागेत लाखो सूर्यांएवढे वस्तुमान मावायचे, तर कृष्णविवराखेरीज दुसरे पटण्याजोगे उत्तर उरत नाही.

१९९५ मध्ये जपानच्या ‘आस्का’ उपग्रहाने एमसीजी-६-३०-१५ या सेफर्ट दीर्घिकेत लोहाची क्ष-किरण रेषा पसरलेली दाखवली. तीव्र गुरुत्वाकर्षणाने तिची ऊर्जा घटली होती. भारताचा ‘ॲस्ट्रोसॅट’ही २०१५ पासून सेफर्ट दीर्घिकांचे वेध घेत आला आहे. रेषा किती रुंद आहे हे मोजून आत काय आहे हे ओळखायचे, ही वाट सेफर्ट यांच्या १९४३ च्या नोंदींपासून सुरू होते. डायर वेधशाळेतील त्या २४ इंची दुर्बिणीला आज त्यांचेच नाव आहे.